मागच्या रांगेतला डबा

माझी बायको नीलम्मा गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी शेजारच्या धुरपताबाईंनी मला एक प्रश्न विचारला आणि मी चुकीचं उत्तर दिलं.

आमच्या लिंगायतांत तिसऱ्या दिवशी समाधीवर दूध-पाणी घालायला जातात. जाताना गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी एका वाटीत नेतात. घरात पाहुणे होते, स्वयंपाक बाहेरून येत होता, म्हणून ती वाटी धुरपताबाई करून आणणार होत्या. त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आप्पा, काय करून आणू? नीलाक्काला आवडायचं ते घरच्या माणसानं सांगायचं असतंय."

मी म्हणालो, "वरण-भात."

त्या म्हणाल्या, "वरण-भात तुमाला आवडतो, आप्पा."

"मग तिला काय आवडायचं?"

"अडतीस वर्षं तिच्या घरात तुमी जेवलात. मी न्हाई."

एवढं बोलून त्या गेल्या आणि वरण-भातच करून घेऊन आल्या. मी ती वाटी समाधीवर ठेवली. ठेवताना मला कळत होतं की ही वाटी तिची नाही, माझी आहे. वर्षाच्या दिवशी परत एक वाटी न्यायची असते. तोवर तिला काय आवडायचं ते शोधून काढायचं, एवढं मी तिथंच ठरवलं. बाकी काही ठरवण्याच्या अवस्थेत मी नव्हतो.

माझं नाव चन्नबसप्पा. ताडकळसला बसस्टँडच्या मागे माझं मोटारी भरायचं दुकान आहे. शेतकऱ्याची पाणबुडी मोटार जळाली की ती माझ्याकडे येते. मी जळालेली तार काढतो, किती वेढे होते ते मोजतो, वहीत लिहितो आणि नवी तार तेवढीच भरतो. शाळा सहावीत सुटली. लिहायची सवय आहे ती त्या वहीपुरती. त्यामुळे इथं जे लिहितोय तेही तसंच असेल.

नीलम्माचं माहेर देगलूरकडचं. माघ महिन्यात, सकाळी दहाच्या सुमारास दोरीवर कपडे वाळत घालताना ती खाली बसली. मला वाटलं चिमटा पडला असेल. जवळ गेलो तर तिला बोलता येईना. नांदेडला पोचायच्या आत सगळं संपलं होतं.

मुलगा राजेश्वर पुण्याला असतो, सून स्वप्ना तिथल्या एका शाळेत शिकवते. दोघं पंधरा दिवस राहिले आणि गेले. त्यांनी मला चला म्हटलं, मी दुकानाचं निमित्त सांगितलं. पुढे महिनाभर धुरपताबाई डबा देत होत्या. मग मलाच लाज वाटायला लागली. मी म्हणालो, "बाई, आता बस. मला येतंय करायला."

मला काहीच येत नव्हतं. भात येत होता. भाकरी वेशीजवळच्या पंचफुलाकडून विकत आणायचो. आणि वरण करायला घेतलं तर ते शिजेना.

कुकर घेतला, तुरीची डाळ धुतली, पाणी घातलं, चार शिट्ट्या दिल्या. झाकण काढलं तर वर पाणी वेगळं आणि खाली डाळ वेगळी. दुसऱ्या दिवशी आठ शिट्ट्या दिल्या. तिसऱ्या दिवशी चौदा. डाळ दाताखाली कचकच वाजायची. मी मिस्त्री माणूस, आधी यंत्रावर संशय घेतला. कुकरची रिंग बदलली, शिट्टी उघडून साफ केली, वाफ कुठून जाते का ते ओल्या बोटानं तपासलं. कुकर चांगला होता. मग डाळीवर संशय घेतला. आधी एका दुकानातली आणली, मग दुसऱ्या दुकानातली आणली. तरी तेच. शेवटी स्वतःवर आलो. म्हटलं, हात लागतो बाईमाणसाचा, आपला नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही. गावातल्या सगळ्या मोटारी भरणाऱ्या माणसाला वाटीभर डाळ शिजेना, ही सांगायची गोष्ट नव्हती.

नीलम्माचं वरण कसं होतं हे आता आठवायला बसलो तर फक्त मऊ होतं एवढंच आठवायचं. आणि मीठ कमी असायचं. तिला खारट चालत नसे, मी वरून घ्यायचो. रोज तेच वरण. दुसरं काही केलं की मी ताटात बाजूला सारायचो. उसळ केली की "हे काय घोड्याचं खाणं" म्हणायचो. मग तिनं करणं सोडलं.

वैशाखात एक दिवस फडताळात मुंग्या झाल्या म्हणून मी सगळे डबे खाली काढले. पुढच्या रांगेत तूर, हरभरा, तांदूळ, पोहे. मधल्या रांगेत मूग, मटकी, हुलगे, चवळी, म्हणजे मी घोड्याचं खाणं म्हणायचो ते सगळं. आणि एकदम मागे, पापडाच्या डब्याच्या आड, एक पत्र्याचा बिस्किटाचा डबा. उघडला तर आत मसुरीची डाळ. तांबडी भडक. वर कडुलिंबाची वाळलेली पानं आणि आत एक लहान वाटी मापाला ठेवलेली.

मी तो डबा घेऊन तसाच खाली बसलो. आमच्या घरात मसूर कधीच येत नव्हती. माझ्या आईनं हयातभर येऊ दिली नव्हती. मसूर तांबडी असते, मांसासारखी दिसते, आपल्या लिंगायताच्या चुलीवर ती चढायची नाही, असं ती म्हणायची. सगळ्याच लिंगायतांत असं नसतं, पण आमच्या आईचं असं होतं. आईला जाऊन बारा वर्षं झाली. हा डबा तर अर्धा रिकामा होता आणि डाळीला कीड नव्हती. म्हणजे कुणीतरी भरत होतं आणि कुणीतरी काढत होतं.

त्या दिवशी भूक लागली होती आणि भाकरी आणून ठेवलेली होती. मी त्या लहान वाटीनंच वाटीभर मसूर घेतली. कुकरवरचा माझा विश्वास उडालेला, म्हणून साध्या पातेल्यात टाकली. आणि काय सांगू, पाव तासात ती विरघळली. शिजता शिजता तांबडी डाळ पिवळी झाली. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. आईनंही पाहिलं नसणार, नाहीतर तिचा तो मांसाचा मुद्दाच राहिला नसता. मी तिखट-मीठ टाकलं, वरून करडईच्या तेलात लसूण तळून ओतला आणि कांदा फोडून घेतला. पातेलं बोटानं पुसून खाल्लं. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला जेवल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी परत केली. तिसऱ्या दिवशी परत. मग मी माझ्या पद्धतीनं चाललो. मोटारीत काही बदलायचं असलं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे फरक कशानं पडला ते कळतं. वहीत डाव्या पानावर मोटारीचे वेढे असायचे, उजव्या पानावर मसूर. आज लसूण आधी. आज लसूण नंतर. आज कैरी. आज अंबाडी, उकडून, पाणी काढून. आज शेवग्याच्या शेंगा. अंबाडीची जमली तेव्हा मी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला मोटारीऐवजी तीच सांगत बसलो. तो बिचारा "हां आप्पा, हां आप्पा" करत उभा.

राजेश्वरचा रोज संध्याकाळी फोन यायचा. प्रश्न एकच.

"आप्पा, काय जेवलात?"

"मसूर."

"मसूर? आपल्या घरात?"

"तुझी आजी काय आता बघायला येणार हाय?"

"तसं न्हाई. कशी केलीत?"

"पेरू घालून."

मग तो बाजूला तोंड करून म्हणाला, पण मला ऐकू आलं, "स्वप्ना, आप्पा डाळीत पेरू घालायलेत."

स्वप्नानं फोन घेतला. मला वाटलं आता ही रडणार किंवा पुण्याला चला म्हणणार. ती म्हणाली, "जमली का, आप्पा?"

"न्हाई. बिया दातात अडकल्या."

"मग पेरू सोडा. चिंच आणि गूळ घालून बघा. चिंच शेवटी घाला, आधी घातली तर डाळ आखडते."

तेव्हापासून दर रविवारी ती मला एक नवं सांगायची आणि मी करून तिला कळवायचो. तिच्या वर्गातल्या मुलांचा अभ्यास ती तपासते तसा माझा तपासायची. एकदा म्हणाली, "आप्पा, बटाटा घालायचा सांगितला होता, तुम्ही रताळं का घातलं?" मी म्हणालो, "बटाटा सगळेच घालतात." ती हसली. नीलम्मा गेल्यावर घरात कुणी हसलेलं मी पहिल्यांदा ऐकलं, तेही फोनमधून.

बाकीच्या डाळी मात्र मला वश होईनात. हुलगे रात्रभर भिजवले, कुकरला लावले, तरी खडेच. हरभऱ्याची डाळ तर विचारूच नका. मसूर तेवढी आपली, असं धरून मी चाललो.

आणि ज्याचं उत्तर मला शोधायचं होतं ते मात्र सापडत नव्हतं. मी एकेकीला विचारत होतो. संकोच वाटायचा, तरी विचारायचो.

धुरपताबाई म्हणाल्या, "शेंगोळे. हुलग्याच्या पिठाचे. माझ्या हातचे लय आवडायचे."

पंचफुला भाकरी थापता थापता म्हणाली, "अंबाडीची भाजी, आप्पा. मी कण्या घालून करते ती."

कमलबाई म्हणजे आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर शिवणकाम करणारी बाई. ती म्हणाली, "मटकीची उसळ. माझी."

तिघींनी आपापलाच पदार्थ सांगितला. मला वाटलं, मेलेल्या माणसाच्या नावानं या बाया आपली बढाई मारायल्यात. मी वहीच्या शेवटच्या पानावर तिन्ही नावं लिहिली आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. राजेश्वरला विचारलं तर तो म्हणाला, "आई सगळ्यांचं झाल्यावर जेवायची, आप्पा. काय खायची ते मी बघितलंच नाही." तोही माझाच मुलगा.

असं करता करता परत माघ आला. वर्षाच्या आदल्या दिवशी राजेश्वर आणि स्वप्ना पूर्णेला रेल्वेतून उतरून आले. दुसऱ्या दिवशी मठातले स्वामी आणि वीसेक माणसं जेवायला होती. ते आले त्या दुपारी आम्हा तिघांपुरतं जेवण करायला स्वप्नानं कुकर लावला, तुरीच्या वरणाचा. मी नुसता बघत राहिलो.

सहा शिट्ट्या झाल्या. तिनं झाकण काढलं, डाळ पळीनं दाबली, परत झाकण लावलं. आणखी सहा. परत उघडलं तर वर पाणी वेगळं आणि खाली डाळ वेगळी.

"आप्पा, डाळ जुनी आहे का हो?"

"परवाच आणली."

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. वर्षभर मी समजत होतो माझा हात वाईट आहे. स्वप्नाचा हात चांगला, हे मला माहीत होतं.

तेवढ्यात धुरपताबाई उद्याच्या स्वयंपाकासाठी मोठं पातेलं घेऊन आल्या. त्यांनी कुकरात डोकावलं. "हे काय? ही तूर हाय का चाळणीतले खडे?"

स्वप्ना म्हणाली, "मावशी, बारा शिट्ट्या दिल्या."

"पाणी कुठलं घातलंस?"

"नळाचं. आपल्या बोअरचं."

धुरपताबाईंनी पातेलं खाली ठेवलं. "अगं माय! बोअरच्या पाण्यात डाळ शिजत असती व्हय? खारं पाणी हाय ते. मसूर तेवढी कशात बी शिजती, बाकी डाळीला मठाच्या आडाचं लागतंय. तुझी सासू रोज कशाला जात होती मग घागर घेऊन?"

मी चुलीजवळच्या पाटावर बसून ऐकत होतो.

नऊ वर्षांपूर्वी अंगणात बोअर मी घेतला. दोनशे वीस फूट. मोटार मी स्वतः भरलेली, पाइप मी स्वतः सोडलेला. आडावरून घागरी आणून नीलम्माची कंबर दुखायची म्हणून घेतला, हेही खरं आहे. पाणी लागलं त्या दिवशी तिनं नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी जेवताना वरणात डाळ कचकचली. ती म्हणाली, "या पाण्यात डाळ शिजत न्हाई हो." मी म्हणालो, "पाण्याला काय झालंय? दोन शिट्ट्या जास्ती दे." एवढंच. हे बोलणं झालं होतं. मला कुणी सांगितलंच नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

तिसऱ्या दिवसापासून वरण परत मऊ झालं आणि मला वाटलं शिट्ट्या वाढवल्या. ती मात्र रोज दुपार कलली की घागर घेऊन मठाकडे निघायची. मला राग यायचा. घरात एवढं पाणी, मोटार माझ्या हातची, आणि ही घागर घेऊन गावातून जाते, लोक काय म्हणतील. एकदा दुकानात चारपाच गिऱ्हाइकं होती आणि ती समोरून चालली होती. मी मोठ्यानं म्हणालो, "आमच्या बाईला दोनशे वीस फुटांचं पाणी कमी पडतंय. गप्पा भरून आणायच्या असतात तिला घागरीत." सगळे हसले. तीही थोडी हसली, कमरेवरची घागर सावरली आणि पुढे गेली. त्या संध्याकाळीही वरण मऊच होतं. ते मी खाल्लं.

स्वप्नानं विचारलं, "आप्पा, काय झालं?"

मी म्हणालो, "घागर कुठं हाय?"

घागर न्हाणीत उपडी घातलेली होती. वर्षाची धूळ बसलेली. मी ती चिंचेनं घासली. राजेश्वर म्हणाला, "आप्पा, थांबा, कॅन घेऊन गाडीवर जाऊन येतो. पाच मिनिटांचं काम." मी म्हणालो, "तू बस." धुरपताबाई आपली घागर घेऊन आल्या आणि आम्ही दोघं निघालो. रस्त्यात लोक बघत होते. घागर घेतलेला पुरुष आमच्याकडे लग्नात नाहीतर मयतीत दिसतो. मी घागर कमरेवर धरायचा प्रयत्न केला, तिथं ती राहीना. शेवटी खांद्यावर घेतली.

मठाच्या मागच्या अंगाला तो आड आहे. चिरेबंदी, भोवती ओटा, वर लोखंडी कप्पी. कमलबाई आणि पंचफुला ओट्यावर बसलेल्या होत्या, दोघींच्या मध्ये एक डबा उघडा. मला बघून त्या बोलायच्या थांबल्या. कमलबाईनं पदरानं डबा झाकला.

"झाकू नगंस," धुरपताबाई म्हणाल्या. "आप्पाला पाणी पाहिजे डाळीला. वरसभर बोअरच्या पाण्यात शिजवायलेत."

पंचफुला आधी तोंडावर हात ठेवून हसली, मग तिला माझं तोंड दिसलं आणि तिनं हसू आवरलं. "आप्पा, मला कधी बोलला न्हाईत. रोज तर भाकरी न्यायलाव."

मी बादली सोडली. कप्पी कुरकुरत होती, तिला ग्रीस पाहिजे होतं. पाणी वर आलं, ओंजळीत घेऊन प्यालो. इतकी वर्षं मी पाणी फुटांत मोजलं. चव कधी घेतली नव्हती. गोड होतं.

घागर भरून ओट्यावर ठेवली आणि मी उभ्यानंच विचारलं. "तुमी तिघींनी मला तीन पदार्थ सांगितले. उद्या वाटी न्यायची हाय. खरं कुणाचं?"

"तिघींचं खरं हाय," कमलबाई म्हणाली.

"असं कसं?"

"बसा आधी," धुरपताबाई म्हणाल्या. मी बसलो. "आमी रोज इथं काहीतरी आणायचो. डब्यात घासभर. पाण्याचा बहाणा, दुसरं काय. तुमी दुकानात बोललात ते काय अगदीच खोटं न्हाई, गप्पा मारायला बी यायची ती. पर आली की आधी बसायची. काय आणलंय ते बघायची बी न्हाई. कुणीतरी पुढ्यात ठेवलं की खायची, अन् म्हणायची, लय चांगलं झालंय. शेंगोळे असू दे, उसळ असू दे. माझे शेंगोळे एकदा करपले होते, तरी चांगलेच म्हणाली."

"दुसऱ्यानं करून वाढलेलं होतं ना," पंचफुला म्हणाली. "मला एकदा म्हणाली, पंचफुला, माझी आई गेल्यापासून मला बसवून कुणी वाढलं न्हाई बघ."

मी ओट्यावरची घागर जवळ ओढली आणि विचारलं.

"अन् ती? ती काय आणायची?"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. धुरपताबाई म्हणाल्या, "मसूर. माझ्या चुलीवर करायची. तुमच्या घरात चालत न्हाई म्हणून. डबा मातर घरीच ठेवायची, म्हणायची घर माझं बी हाय."

"आई गेली त्याला बारा वर्षं झाली, बाई. मी कधी नको म्हणालो असतो का?"

"तिनं विचारलं न्हाई. अन् तुमी सांगितलं न्हाई." मग त्या म्हणाल्या, "तुमी करायला लागलात मसूर, तवा मला वास यायचा भिंतीपल्याडून. तिच्यासारखाच यायचा. म्हणून कुणाकडून शिकलात ते इचारलं न्हाई."

कमलबाईनं डब्यावरचा पदर काढला आणि डबा माझ्याकडे सरकवला. मटकीची उसळ होती. मी खाल्ली. घोड्याचं खाणं म्हणायचो ती. दाणा दाणा मऊ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणखी दोन खेपा केल्या. वीस माणसांच्या वरणाचं पाणी मीच आणलं. बाकीचा स्वयंपाक स्वप्ना आणि धुरपताबाईंनी केला. समाधीवरच्या वाटीला मात्र मी कुणाला हात लावू दिला नाही. मसूर घेतली, त्याच बिस्किटाच्या डब्यातल्या वाटीनं. डबा मी वर्षात तीनदा संपवला होता आणि तीनदा भरला होता. शिवरात्र जवळ आली होती, बाजारात कवठं आली होती. पिकलेल्या कवठाचा गर आणि गूळ घालून मसूर करायची मी पंधरा दिवसांपूर्वी शोधून काढली होती. वहीत त्या पानावर मी दोन रेघा मारल्या होत्या. ही स्वप्नानं सांगितलेली नव्हती, कुणीच सांगितलेली नव्हती.

राजेश्वर काळजीत पडला. "आप्पा, समाधीवर मसूर चालते का? स्वामींना विचारून घ्या. लोक बोलतील."

स्वामी ओसरीवर येऊन बसले होते. मी विचारलं.

त्यांनी विचारलं, "कुणी केली?"

"मी."

"आजवर तिला कधी करून वाढलं होतं का?"

"न्हाई, स्वामी."

"मग उशीर झालेलाच हाय. आता विचारण्यात आणखी कशाला करताव?"

आम्ही निघालो. मसुरीचं पातेलं धुरपताबाईंनी बरोबर घेतलं. समाधीवर ऊन आलं होतं. राजेश्वरनं पाणी शिंपडलं, स्वप्नानं विभूती लावून बेल वाहिला. मी खाली बसलो आणि वाटी ठेवली. सगळे मी काहीतरी बोलेन म्हणून थांबले होते. त्या दिवशी दुकानात बोललो होतो ते परत घेता येत नव्हतं.

"बोअरच्या पाण्याची न्हाई," मी तिला म्हणालो.

मागे धुरपताबाईंनी नाक ओढलं. मग पातेल्यात उरलेली मसूर चमच्यानं घेऊन त्यांनी चाखली, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा झाला.

"मीठ कमी हाय, आप्पा."

"असू द्या," मी म्हणालो. "तिला कमीच लागायचं."